‘स्टुअर्डशिप’ला मराठीत काय म्हणावं: कारभारीपण, विश्वस्तपण की आणखी काही?

प्रश्न:
आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांसाठी वेळ, अंगचे गुण आणि पैसा या विषयावर चार पानांचं टिपण लिहिते आहे. इंग्रजी पुस्तकांत या तिन्हींसाठी ‘स्टुअर्डशिप’, म्हणजे देवानं सोपवलेलं त्याच्या वतीनं सांभाळणं, हा एकच शब्द येतो. मराठी पवित्र शास्त्रात (बायबलात) ‘कारभारी’ आहे, पण ‘कारभारीपण’ म्हटलं की मुलं हसतात. ‘व्यवस्थापन’ लिहावं तर प्रशिक्षणवर्गाचा वास येतो. ‘विश्वस्तपण’ चालेल का? दुसरी अडचण अशी की गाता गळा ही देवाची ‘देणगी’ आणि रविवारी पेटीत टाकतो तीही ‘देणगी’. हा घोळ कसा सोडवायचा?

प्रतिसाद:
माझं मत ‘विश्वस्त’ला. शब्दातच विश्वास आहे. पौलानंही कारभाऱ्याकडून एवढीच अपेक्षा केली आहे की तो विश्वासू असावा (१ करिंथ ४:२). आजच्या वाचकाला ट्रस्टी म्हणजे कोण ते सांगावं लागत नाही.

प्रतिसाद:
ताई, ‘कारभारी’ सोडू नका, अशी माझी कळकळीची विनंती.

मूळ ग्रीक शब्द ‘ओइकोनोमोस’. ‘ओइकोस’ म्हणजे घर, आणि पुढच्या भागात वाटून देण्याचा, व्यवस्था लावण्याचा अर्थ. अर्थशास्त्राला ‘इकॉनॉमिक्स’ म्हणतात तेही याच कुळातलं. लूक १२:४२ मध्ये हा माणूस काय करतो ते पाहा: धन्याच्या घरातल्या माणसांना वेळच्या वेळी शिधा देतो. त्याच्या लगेच पुढच्या ओळीत त्याच माणसाला ‘दास’ म्हटलं आहे. किल्ल्या याच्या कमरेला, कोठार धन्याचं, आणि हा स्वतःसुद्धा धन्याचाच. विश्वस्ताचं तसं नसतं. तो स्वतंत्र माणूस असतो, मालमत्ता कागदोपत्री त्याच्या नावावर असू शकते, महिन्यातून एकदा बैठकीला आला तरी भागतं. कारभाऱ्याला रोज पहाटे उठून कोठार उघडावं लागतं.

उत्पत्तीच्या ३९व्या अध्यायातला योसेफ आठवा. त्याला दास म्हणून विकत घेणाऱ्या पोटीफरानं सगळं घर त्याच्या हाती सोपवलं, इतकं की आपण जेवतो त्या अन्नापलीकडे धन्याला कशाची विचारपूस करावी लागत नव्हती. एवढा अधिकार आणि तरी मालकी शून्य! हे दोन्ही एकाच वेळी सांगणारा शब्द मराठीत आयता आहे. आपल्या इतिहासातही तो याच अर्थानं वावरला. १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावाच्या नावानं बारभाईंनी राज्य चालवलं, त्याला आपण ‘बारभाईंचा कारभार’ म्हणतो. गादी पाळण्यातल्या मुलाची, कारभार यांचा.

प्रतिसाद:
पटतं, पण सर, शब्दाची आजची संगतही पाहायला हवी. बातम्यांत ‘भोंगळ कारभार’, ‘मनमानी कारभार’. खेड्यात बायको नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणते, मुलं हसतात ती त्यामुळेच. शब्द बरोबर असून ऐकणाऱ्याच्या मनात भलतंच चित्र उभं राहत असेल तर काय उपयोग?

प्रतिसाद:
संगतीचा मुद्दा खरा आहे. पण हीच विशेषणं नीट पाहा. कारभार भोंगळ असतो, चोख असतो, मनमानी असतो. ‘भोंगळ मालकी’ असं मात्र कोणी म्हणत नाही. मालकाला कोण विचारणार? कारभार म्हटला की तो कोणाच्या वतीनं आणि हिशेब कोणाला द्यायचा, हे प्रश्न मागोमाग येतातच. लूक १६ मधला धनी आपल्या माणसाला बोलावून कारभाराचा हिशेब मागतो. ‘कारभार’ आणि ‘हिशेब’ ही जोडी तुमच्या पहिल्याच पानावर आली, तर मुलांचं हसू आपोआप थांबेल. नवऱ्याला कारभारी म्हणण्याचंही तसंच. घर चालवण्याचा भार ज्याच्यावर, तो कारभारी. त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि ‘कारभारीण’ हा शब्दही तितकाच मानाचा आहे.

आता ‘देणगी’बद्दल. इथे मला ‘टॅलेंट’ या शब्दाकडे वळावं लागेल, कारण घोळाचं मूळ तिथे आहे. मत्तय २५ च्या दाखल्यात धनी परदेशी जाताना तीन दासांकडे पाच, दोन आणि एक ‘तालान्तोन’ सोपवतो. पहिले दोघे ते वाढवतात, तिसरा आपलं जमिनीत पुरून ठेवतो. ‘टॅलेंट’ आलं ते या ‘तालान्तोन’वरून. ते वजन होतं, आणि त्यावरून पैशाचं परिमाण. एक तालान्तोन म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०). वर्षातले ३०० दिवस काम धरलं तरी २० वर्षांची कमाई झाली. ‘बिचाऱ्या तिसऱ्याला एकच मिळाला’ असं प्रवचनात ऐकलं की म्हणूनच मला राहवत नाही. त्या एकात उमेदीचं अख्खं आयुष्य मावतं. आणि तो चोर नव्हता. जमिनीत पुरून ठेवणं ही त्या काळी पैसा सांभाळण्याची खात्रीची रीत होती. त्यानं पैसा जपला, पण धन्याला तो जपायला नको होता, चालवायला हवा होता. ‘जपणे’ आणि ‘चालवणे’ या दोन क्रियापदांतलं अंतर मुलांना समजावून सांगाल, तर अर्धं टिपण तिथेच झालं.

पुढे याच दाखल्यामुळे युरोपातल्या भाषांत ‘टॅलेंट’चा अर्थ बुद्धी, कौशल्य असा झाला. आपल्याकडे आला तो हा नंतरचा अर्थ. मूळ अर्थातला परक्याचा पैसा आणि त्याचा हिशेब वाटेत गळून पडले. म्हणून आपण सहज ‘माझं टॅलेंट’ म्हणून जातो.

प्रतिसाद:
मग गुणांना काय म्हणायचं?

प्रतिसाद:
पेत्राच्या पहिल्या पत्रात (४:१०) ‘खारिस्मा’ शब्द आहे, ‘खारिस’ म्हणजे कृपा, तिच्यावरून आलेला. ‘कृपादान’ हा शब्द मंडळीत रुळलेला आहे, तो घ्या. त्याच वचनात कारभारीही आहेत: देवाच्या नाना प्रकारच्या कृपेचे कारभारी. कृपादान मिळालं ते एकमेकांची सेवा करण्यासाठी, असं तिथे स्पष्टच म्हटलं आहे.

पेटीत टाकतो त्याला मात्र ‘अर्पण’च म्हणा. देणगी देणारा मालक असतो. त्याच्या नावाची पाटी लागते, पावती मिळते. दावीद राजा मंदिरासाठी एवढं द्रव्य गोळा करून प्रार्थनेत काय म्हणतो? सगळं तुझ्यापासूनच आहे, तुझ्याच हातचं आम्ही तुला दिलं (१ इतिहास २९:१४). या वाक्यात ‘देणगी’ बसत नाही.

‘दशमांश’ शब्दही जपून वापरा. पगार झाला की दहावा भाग पाकिटात वेगळा काढायची माझी जुनी सवय. तो काढला की उरलेले नऊ माझे, त्याबद्दल कोणी विचारायचं नाही, असं मी कित्येक वर्षं मनात धरून होतो. घरात एकदा मदतीची गरज उभी राहिली, तेव्हा ‘मी माझा वाटा दिला आहे’ असं मी अगदी शांतपणे म्हणालो. ते वाक्य अजून टोचतं. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देऊन न्याय आणि दया विसरणाऱ्यांना येशूनं फटकारलं आहे (मत्तय २३:२३). दशमांश देऊच नका, असंही तो म्हणाला नाही. तेही करा आणि हेही सोडू नका, म्हणाला. कारभाऱ्याला दहाही भागांचा हिशेब असतो.

प्रतिसाद:
आणि मंदिराच्या पेटीत टाकलेल्या त्या गरीब विधवेच्या ‘दोन टोल्या’? आमच्या जुन्या प्रतीत हा शब्द आहे. माझ्या नातीला ‘टोली’ माहीतच नाही.

प्रतिसाद:
मूळ शब्द ‘लेप्टोन’, सर्वांत लहान तांब्याचं नाणं. मार्क सांगतो की अशी दोन मिळून एक रोमी क्वाद्रान्स होत, आणि ६४ क्वाद्रान्सचा एक दिनार. म्हणजे दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग. नातीला एवढं सांगा, आजी.

प्रतिसाद:
वेळेचं राहिलं. ‘वेळेचं नियोजन’ लिहू का?

प्रतिसाद:
नियोजनानं तक्ता होईल. इफिस ५:१६ मधल्या ग्रीक क्रियापदात ‘अगोरा’, म्हणजे बाजार आहे: बाजारातून विकत घेऊन सोडवणं. आणि वेळेसाठी शब्द आहे ‘कायरोस’, योग्य घटका. घड्याळाचा काळ म्हणजे ‘ख्रोनोस’, तो वेगळा. आपण वेळ घालवतो, काढतो, मारून नेतो. या सगळ्यांपेक्षा ‘वेळ साधणे’ मला मुळाच्या जवळचं वाटतं. आजाऱ्याजवळ बसायची वेळ, क्षमा मागायची वेळ, या साधायच्या असतात, तक्त्यात सापडत नाहीत. त्याच टिपणात शब्बाथाबद्दल, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाबद्दलही लिहा. निर्गम २० मध्ये दासदासींना आणि जनावरांनाही विसावा सांगितला आहे. दिवस ठासून भरणारा माणूस चांगला कारभारी ठरतोच असं नाही, हे तरुणांना कोणीतरी सांगायला हवं.

प्रतिसाद:
मी ‘विश्वस्त’ मागे घेतो. एक शंका मात्र आहे, ‘कारभारीपण’ की ‘कारभारीपणा’?

प्रतिसाद:
‘पण’. ‘पणा’ लावला की बऱ्याचदा दोष चिकटतो: आळशीपणा, चोंबडेपणा. ‘आईपण’, ‘बालपण’ यांच्या रांगेत ‘कारभारीपण’ शोभतं. मथळ्यात नको वाटलं तर क्रियापद घ्या, ‘कारभार पाहणे’.

मूळ प्रश्नकर्ती:
पहिलं पान आजच पुन्हा लिहिते. मथळा ठरला: ‘आपण कोणाचा कारभार पाहतो?’ ‘माझं टॅलेंट’ सहा ठिकाणी होतं, ते सगळीकडे खोडलं आहे.