मदत हवी आहे: ओस्टेरोडे आम हार्ट्स या जुन्या जर्मन जिल्ह्याची १९३९ ते २०२२ लोकसंख्या जुळवायची आहे

हरितालिका_७

जर्मनीच्या नीडरझाक्सन राज्यात हार्ट्स डोंगराच्या नैर्ऋत्य उतारावर ओस्टेरोडे आम हार्ट्स नावाचा ग्रामीण जिल्हा (लांडक्राइस) होता. पूर्व-पश्चिम जर्मनीच्या सीमेलगतच्या गावांची लोकसंख्या कशी बदलली याचा तक्ता आणि नकाशा करायचा आहे. जनगणनांचे आकडे हाताशी आहेत, पण जुळणी होत नाही. चार ठिकाणी अडलंय:

१. ०३१५६ हा जिल्ह्याचा संकेतांक २०१६ नंतरच्या फायलींत नाहीच. त्याच सुमारास ग्योटिंगनची लोकसंख्या एकदम उडी मारते.

२. वाल्केनरीड, वीडा आणि त्सोर्गे ही गावं १९७० च्या यादीत या जिल्ह्यात नाहीत. बाड झाक्सा १९५० ला आहे, १९३९ ला नाही.

३. लोकसंख्येची घनता दर चौ. किमी ११६ च्या आसपास येते. शेजारच्या भागाच्या मानाने कमी वाटते. क्षेत्रफळ चुकलंय का?

४. १९१० च्या एका यादीत ओस्टेरोडे जिल्ह्यात होहेनस्टाइन आणि टानेनबेर्ग दिसतात. ही गावं हार्ट्सच्या नकाशावर सापडत नाहीत.

जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

---

नकाशेवाला

चौथा प्रश्न आधी, कारण तो सुटला नाही तर बाकी सगळंच बिघडेल. ती यादी दुसऱ्याच ओस्टेरोडेची आहे. पूर्व प्रशियातही (जुन्या प्रशिया राज्याच्या पूर्व टोकाच्या प्रांतात) ओस्टेरोडे नावाचा जिल्हा होता, १८१८ ते १९४५. ते गाव आज पोलंडमध्ये आहे, नाव ऑस्त्रुदा. होहेनस्टाइन (आजचं ऑल्श्टिनेक) आणि टानेनबेर्ग त्याच जिल्ह्यातले. प्रशियाच्या जुन्या याद्यांत दोन्ही ओस्टेरोडे येतात, म्हणून नुसत्या नावावर शोधू नका. प्रांत बघा: हानोफर प्रांत आणि हिल्डेसहाइम विभाग असेल तर आपला, पूर्व प्रशिया असेल तर तो नव्हे.

इथे आणखी एक फसगत होते. बाड झाक्सा १९४५ पर्यंत ज्या जिल्ह्यात होतं त्याचं नाव ग्राफशाफ्ट होहेनस्टाइन, मुख्यालय नॉर्डहाउझन. त्याचा पूर्व प्रशियातल्या होहेनस्टाइन गावाशी काही संबंध नाही. तुमच्या फायलीत नावावरून आपोआप जोडणी केली असेल, तर या दोन होहेनस्टाइनची सरमिसळ झाली आहे का ते आधी तपासा.

---

सांख्यिकी_मित्र

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: १ नोव्हेंबर २०१६ ला ओस्टेरोडे जिल्हा बरखास्त होऊन ग्योटिंगन जिल्ह्यात विलीन झाला. सरकारी नोंदीत मात्र जुन्या ग्योटिंगनमध्ये भर घालून भागवलं नाही, नव्या जिल्ह्याला नवा संकेतांक दिला. म्हणजे ०३१५२ (जुना ग्योटिंगन) आणि ०३१५६ (ओस्टेरोडे) दोन्ही बंद, आणि ०३१५९ सुरू. युरोपीय सांख्यिकी संकेतांकांतही तसंच: डीई९१५ आणि डीई९१९ मिळून डीई९१सी.

संकेतांकाची रचना समजून घेतली की निम्मं काम होतं. गेमाइंडचा (तिथल्या सर्वांत खालच्या स्वराज्य संस्थेचा) पूर्ण संकेतांक आठ अंकी असतो: पहिले दोन राज्याचे (०३ = नीडरझाक्सन), तिसरा प्रशासकीय विभागाचा, पुढचे दोन जिल्ह्याचे, शेवटचे तीन गेमाइंडचे. तिसऱ्या जागी १ म्हणजे ब्राउनश्वाइग विभाग. ओस्टेरोडे या विभागात आलं १९७८ मध्ये, त्याआधी हिल्डेसहाइम विभागात होतं. त्यामुळे १९७८ पूर्वीच्या याद्यांतले संकेतांक आजच्याशी जुळणारच नाहीत. विभाग २००४ अखेर रद्द झाले, अंक मात्र तसाच राहिला.

नेहमीची गडबड: एक्सेलमध्ये फाईल थेट उघडली की सुरुवातीचं शून्य उडतं, ०३१५६ चं ३१५६ होतं आणि जोडणी गुपचूप फसते. चूक दाखवली जात नाही, रकाने नुसते रिकामे राहतात. फाईल आयात करताना तो रकाना मजकूर म्हणून निवडा.

आणखी दोन तारखा. १ मार्च २०१३ ला बाड ग्रुंड, बाडेनहाउझन, आइसडोर्फ, गिटेल्डे आणि विंडहाउझन या पाच गेमाइंडांचं मिळून एकच बाड ग्रुंड झालं. आणि जिल्हा गेला त्याच दिवशी, १ नोव्हेंबर २०१६ ला, वाल्केनरीड, वीडा आणि त्सोर्गे यांचंही एकच गेमाइंड झालं. म्हणजे वाल्केनरीडच्या ओळीत जिल्ह्याचा आणि गेमाइंडचा असे दोन बदल एकदम आहेत. ३१ डिसेंबर २०१५ आणि ३१ डिसेंबर २०१६ चे आकडे नुसते शेजारी ठेवले, तर वाल्केनरीड अचानक फुगल्यासारखं दिसेल.

---

उंबरठा

दुसरा प्रश्न सगळ्यात रंजक आहे, त्यावर जरा सविस्तर लिहिते.

या जिल्ह्याचा गाभा हानोफरचा. प्रशियाने १८६६ मध्ये हानोफरचं राज्य खालसा केलं आणि १८८५ मध्ये तिथे आपल्या पद्धतीचे जिल्हे आणले, त्यात ओस्टेरोडे आणि हेर्त्सबेर्ग या जुन्या महसुली अंमलांमधून हा जिल्हा घडला. पण लगतचा मुलूख ब्राउनश्वाइगच्या डचीचा (ड्यूकच्या राज्याचा) होता. वाल्केनरीड, वीडा, त्सोर्गे, नॉयहोफ, होहेगाइस आणि ब्राउनलागे हे सगळं ब्राउनश्वाइगच्या ब्लांकेनबुर्ग जिल्ह्यात. त्यांच्यामध्ये पाचर मारल्यासारखे बाड झाक्सा आणि टेटनबोर्न, ते प्रशियाच्या झाक्सन प्रांतात.

१९४५ मध्ये युद्धानंतर विजेत्या राष्ट्रांच्या ताबारेषा आखल्या गेल्या त्या याच जुन्या हद्दींवरून. ब्लांकेनबुर्ग ब्राउनश्वाइगचा, म्हणून कागदोपत्री अख्खा ब्रिटिशांच्या वाट्याला येत होता. पण त्याचा मोठा पूर्व भाग (ब्लांकेनबुर्ग शहर, हासेलफेल्डे, र्यूबेलांड) जुलै १९४५ मध्ये सोव्हिएत ताब्यात दिला गेला. त्याच महिन्यात उलट दिशेने बाड झाक्सा आणि टेटनबोर्न सोव्हिएत भागातून ब्रिटिश भागात आले आणि ओस्टेरोडे जिल्ह्याला जोडले गेले. तुम्हाला बाड झाक्सा १९३९ ला सापडत नाही आणि १९५० ला सापडतं, ते यामुळे.

ब्लांकेनबुर्गचा पश्चिमेकडे उरलेला तुकडा मात्र स्वतंत्र जिल्हा म्हणून चालू राहिला. नाव ब्लांकेनबुर्गच, पण ते शहर सीमेपलीकडे, आणि मुख्यालय ब्राउनलागेला. पूर्वेकडचा ब्लांकेनबुर्ग जिल्हाही १९५० पर्यंत होता. म्हणजे काही वर्षं एकाच नावाचे दोन जिल्हे सीमेच्या दोन बाजूंना नांदत होते. १९४६ चा «ब्लांकेनबुर्ग» हा आकडा वापरताना तो कुठल्या बाजूचा आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि १९३९ च्या अखंड ब्लांकेनबुर्गची तुलना १९५० च्या पश्चिम तुकड्याशी करण्यात काहीच अर्थ नाही.

पश्चिमेचा तुकडा १९७२ च्या फेररचनेत संपला. ब्राउनलागे आणि होहेगाइस गोसलार जिल्ह्यात गेले. वाल्केनरीड, वीडा, त्सोर्गे आणि नॉयहोफ ओस्टेरोडेत आले. त्याच वेळी शेजारचा त्सेलरफेल्ड जिल्हाही मोडला. त्यातलं बाड ग्रुंड ओस्टेरोडेला मिळालं, क्लाउसथाल-त्सेलरफेल्ड गोसलारला. (क्लाउसथाल हे जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांचं जन्मगाव. १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आलेले तेच.)

---

नकाशेवाला

उंबरठा, फारच छान. एक पुरवणी: वाहनांच्या क्रमांकपट्टीवरून जिल्हा ठरवू नका. ओस्टेरोडेचं ओएचए ग्योटिंगन जिल्ह्यात आजही मिळतं, आणि ब्लांकेनबुर्गच्या पश्चिम तुकड्याचं बीआरएल गोसलार जिल्ह्यात पुन्हा सुरू झालं आहे. जिल्हे गेले, अक्षरं राहिली.

तिसरा प्रश्न: क्षेत्रफळ बरोबर आहे. जिल्हा सुमारे ६३६ चौ. किमी होता आणि शेवटी लोकसंख्या ७३-७४ हजार. पण त्यातला सुमारे २६७ चौ. किमी भाग कुठल्याच गेमाइंडमध्ये नाही. ते हार्ट्सचं राखीव जंगल, यादीत «हार्ट्स» नावाची वेगळी ओळ, लोकसंख्या शून्य. ते वगळलं की उरलेल्या ३६९ चौ. किमीवर घनता २०० च्या घरात जाते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण नकाशाखाली कुठला वापरला ते लिहाच. रंगीत नकाशात या जंगलाला «माहिती नाही» चा राखाडी रंग जाऊ देऊ नका. माहिती आहे, तिथे माणसं राहत नाहीत. त्याला वेगळी रेघांची खूण द्या. गोसलार जिल्ह्यातही याच नावाचं दुसरं जंगल आहे, त्यामुळे इथेही जोडणी संकेतांकावरूनच करा.

---

हरितालिका_७

सगळ्यांचे मनापासून आभार. होहेनस्टाइनची सरमिसळ खरंच झाली होती, ती काढली. आता असं विचारायचंय: तक्ता जिल्हानिहाय ठेवू, गेमाइंडनिहाय ठेवू, की गावनिहाय? टेटनबोर्न आणि नॉयहोफचे १९७२ नंतरचे वेगळे आकडे जनगणनेत दिसत नाहीत.

---

सांख्यिकी_मित्र

दिसणार नाहीत. ती गावं १९७२ मध्ये बाड झाक्सात विलीन झाली आणि सरकारी लोकसंख्या गेमाइंडपर्यंतच छापतात. पोटगावांचे आकडे नगरपालिका आपल्या रहिवासी नोंदणीवरून देतात, पण ती मोजणी वेगळी असते. त्यांची बेरीज अधिकृत आकड्याशी जुळत नाही. एकाच रेघेत ते दोन्ही घालू नका.

माझं मत स्पष्ट आहे: आजच्या गेमाइंडच्या हद्दी धरा आणि मागे जाताना जुनी गावं त्यात मिळवत जा. जिल्ह्याची बेरीज सगळ्यात शेवटी. उलट बाजूने, म्हणजे जिल्ह्याचा छापील आकडा घेऊन तो वाटायला गेलात, तर हद्दबदलाची प्रत्येक चूक तक्त्यात मुरते आणि नंतर शोधता येत नाही.

बाड झाक्साचं उदाहरण घ्या. आजचं बाड झाक्सा = जुनं बाड झाक्सा + टेटनबोर्न + श्टाइना + नॉयहोफ. १९३९ साठी ही चार गावं तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलावी लागतात:

बाड झाक्सा आणि टेटनबोर्न: प्रशिया, झाक्सन प्रांत, ग्राफशाफ्ट होहेनस्टाइन जिल्हा.
श्टाइना: प्रशिया, हानोफर प्रांत, ओस्टेरोडे जिल्हा.
नॉयहोफ: ब्राउनश्वाइग, ब्लांकेनबुर्ग जिल्हा.

१९५० साठी बाड झाक्सा, टेटनबोर्न आणि श्टाइना ओस्टेरोडेत, नॉयहोफ ब्लांकेनबुर्गच्या पश्चिम तुकड्यात. १९८७ पासून एकच ओळ.

तक्त्यात प्रत्येक जुन्या गावाला एक ओळ आणि हे रकाने ठेवा: गावाचं नाव, आजचं गेमाइंड, आजचा आठ अंकी संकेतांक, आणि १९३९, १९५०, १९७० व १९८७ ला असलेला जिल्हा. हा दुवा-तक्ता एकदा हाताने नीट केलात की बाकीचं सूत्रांवर चालतं. २०१३ आणि २०१६ चे बदल डेस्टाटिसच्या (जर्मनीच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या) वार्षिक हद्दबदल याद्यांवरून ताडून घ्या. तिथे जुना आणि नवा संकेतांक शेजारी शेजारी असतात.

---

उंबरठा

जनगणनेच्या तारखा तक्त्याच्या शीर्षकातच घाला: १७ मे १९३९, २९ ऑक्टोबर १९४६, १३ सप्टेंबर १९५०, ६ जून १९६१, २७ मे १९७०, २५ मे १९८७, ९ मे २०११, १५ मे २०२२. १९७० आणि १९८७ मध्ये १७ वर्षांचं अंतर आहे. आलेखाच्या अक्षावर ते समान अंतराने मांडलंत तर उतार फसवा दिसेल.

आकड्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टींची काळजी घ्या. एक, १९३९ ते १९५० ची वाढ नैसर्गिक नाही. पूर्वेकडून हाकलले गेलेले निर्वासित नीडरझाक्सनच्या खेड्यापाड्यांत मोठ्या संख्येने वसवले गेले. सीमेवरच्या गावांत लोक वाढलेले दिसतात त्यावरून सीमेचा त्रास नव्हता असा निष्कर्ष काढू नका. सीमेचा परिणाम बघायचा तर १९५० हा आधार धरून पुढे मोजा. दोन, १९३९ साठी काही याद्यांत «निवासी» तर काहींत «स्थायी» लोकसंख्या दिलेली असते. स्थायीमधून लष्करी आणि श्रमसेवेतले लोक वगळलेले आहेत. चारही गावांसाठी एकच प्रकार घ्या.

२०११ आणि २०२२ ला आकडा आदल्या वर्षाच्या अंदाजापेक्षा एकदम बदलतो, तोही स्थलांतर म्हणून वाचू नका. दोन जनगणनांमधली वर्षं जन्म, मृत्यू आणि नोंदवलेल्या स्थलांतरावरून पुढे ओढलेली असतात आणि त्यातली साचलेली चूक जनगणनेला एका झटक्यात निघते. तुमच्या तक्त्यात फक्त जनगणना वर्षं असतील तर ही भानगड येणार नाही. मधली वर्षं घातलीत तर २०११ आणि २०२२ ला रेघ तोडा.

---

नकाशेवाला

नकाशासाठी हद्दींची फाईल १ जानेवारी २०२२ किंवा त्यानंतरची घ्या. २०१६ आधीची घेतलीत तर वाल्केनरीड, वीडा आणि त्सोर्गे तीन तुकड्यांत येतील आणि दोन तुकडे रिकामे राहतील. आणि ग्योटिंगन जिल्ह्याची एकूण बेरीज कुठे दाखवणार असाल तर लक्षात ठेवा, ग्योटिंगन शहर १९६४ पासून जिल्ह्यात मोडतं, त्याआधी ते जिल्ह्याबाहेर होतं. १९५० आणि १९६१ साठी शहराची ओळ वेगळी शोधून मिळवावी लागेल. डुडरश्टाट आणि म्युंडन हे दोन जिल्हेही १९७३ मध्ये ग्योटिंगनमध्ये आले, त्यांचंही तेच. तुमचा विषय हार्ट्सच्या उतारापुरता असेल तर जुन्या ०३१५६ मधली आजची गेमाइंडं आणि ते जंगल एवढीच बेरीज करा, त्याला «पूर्वीचा ओस्टेरोडे जिल्हा, २०१६ ची हद्द» असं नाव द्या आणि ग्योटिंगनची बेरीज वगळा.