वरंधा घाट उतरताना बाइकचा मागचा ब्रेक गेला, उद्या पुढे जाऊ का? (तातडीने मदत हवी)

सडाफटिंग: एकटाच निघालोय. काल रात्री भोरच्या पुढे नीरा-देवघरच्या पाण्याकाठी तंबू टाकला, आज वरंधा उतरलो. निम्म्या घाटात मागचा ब्रेक गेला. पेडल थेट तळाला, जरासुद्धा अडत नाही. पुढच्या ब्रेकवर कसाबसा खाली आलो. महाडला पोचून तासाभराने बघतो तर पेडल पुन्हा कडक! उद्या पोलादपूरहून आंबेनळी चढून महाबळेश्वर, मग पसरणीने वाई. जाऊ का? पटकन सांगा, फोन १५ टक्क्यांवर आलाय.

भजीप्रेमी: वाघजाईपाशी भजी खाल्लीस की नाही? समोर दरी, हातात कांदाभजी. आमची गाडी तिथे थांबल्याशिवाय पुढे जातच नाही.

खटपट्या: गाडी कुठली? डिस्क की ड्रम? ऑइल कधी बदललं? सामान किती? उतरताना गिअर कितवा?

सडाफटिंग: हिमालयन ४११, २०१९ ची. दोन्हीकडे डिस्क. ऑइल गेल्याच महिन्यात बदललं. सामान पंचवीसेक किलो.

जुनी_खोंडं: म्हणून म्हणतो, ड्रम बरा. माझ्या स्प्लेंडरला बावीस वर्षांत असला प्रकार नाही.

खटपट्या: ड्रमही तापतो काका, तुम्ही घाटात तीसनं जाता म्हणून कळत नाही. @सडाफटिंग, इंजिन ऑइल नव्हे, ब्रेक ऑइल!

सडाफटिंग: ते बदलायचं असतं?

खटपट्या: 🤦 दर दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी शोषत राहतं. नवीन डॉट ४ (तुझ्या गाडीतल्या ब्रेक ऑइलचा प्रकार) निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं. वाफ झाली की पेडल दाबलं तरी वाफच दाबली जाते, कॅलिपरपर्यंत (डिस्कला पॅड दाबणारा भाग) जोर जात नाही. गार झालं की पुन्हा कडक लागतं, म्हणून तुला वाटतंय बरं झालं. गिअरचं उत्तर राहिलं.

रानवाटा: एकट्याने धरणाच्या काठी झोपू नये. आणि स्लीपिंग बॅग कुठली आहे? डिसेंबरात पाण्याकाठी साधी चालत नाही.

सडाफटिंग: न्यूट्रल. इंजिन बंदच होतं. उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं?

खटपट्या: आता कळलं. दोनशे किलोची गाडी, तू, पंचवीस किलो बोचकं, आणि सगळा भार त्या एका पेडलवर. चावी बंद केलीस तर एबीएसही (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद. आणि पेट्रोल वाचतच नाही: तुझी गाडी एफआय (फ्युएल इंजेक्शनची) आहे, गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल सोडलास की ती स्वतःच पेट्रोल तोडते.

जुनी_खोंडं: पण गिअरवर रेटून उतरवलं की इंजिन जातं.

डोंगरपायथा: कुणी सांगितलं? एसटी आणि ट्रक काय न्यूट्रलवर उतरतात? ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरायचं, एवढं आमच्या वडिलांना गाडी न शिकताही माहीत होतं.

जुनी_खोंडं: ट्रकची गोष्ट वेगळी.

खटपट्या: तो वाद नंतर. सडाफटिंग, सकाळी गॅरेज उघडलं की सीलबंद बाटलीतलं डॉट ४ भरून मागची लाइन ब्लीड करून घे, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा काढून टाक. पॅड काढून बघायला सांग, वरून चकाकत असतील तर बदल. आणि पसरणी सोड. माणगावहून ताम्हिणीने पुण्याला परत ये, त्या बाजूने बहुतेक चढच आहे.

सडाफटिंग: पण महाबळेश्वर राहिलं ना!

डोंगरपायथा: ते कुठे पळून जातंय?

सडाफटिंग (दुसऱ्या दिवशी, ११:४०): ब्लीड केलं. निघालेलं ऑइल कोऱ्या चहासारखं होतं, मेकॅनिकने बाटली उजेडात धरून मला दाखवलं आणि काही न बोलता ओतून टाकलं. पॅड पण बदलले. माणगावात मिसळ खातोय, आता ताम्हिणी. दुसऱ्या-तिसऱ्यावर.

रानवाटा: स्लीपिंग बॅगचं सांगितलं नाहीस.