मदत हवी आहे : आजोबांचा टसरचा माग पुन्हा जोडायचा आहे

नमस्कार मंडळी, नागपुरात गोळीबार चौकाजवळ आमचं जुनं घर आहे. आजोबा तिथे टसरच्या, म्हणजे रानरेशमाच्या, करवत काठी साड्या विणायचे. महिनाभरात घर रिकामं करायचंय, पण खड्डा माग (खड्ड्यात पाय सोडून बसून चालवायचा) भंगारात द्यायला मन होत नाही. फणी (उभे धागे ओवतात ती) शाबूत आहे, आडवं सूत नेणारे तिन्ही धोटेही मिळाले. दोन्ही काठांना एकेक आणि मधल्या अंगाला एक धोटा. काठाचं सूत अंगाच्या टसरमध्ये अडकवत गेलं की करवतीचे दाते उमटतात. एवढं माहीत आहे, पण विणणारं घरात कोणी उरलं नाही.

एका डब्यात ऐनाच्या झाडावरच्या टसर अळीचे कोषही निघाले, देठासकट, टणक. आजी असे कोष उकळून मांडीवर सूत वळायची. मांडीवर त्याचा गुळगुळीत चट्टाच पडला होता.

माग सोडवून दुसरीकडे नीट जोडून देईल असा जाणकार विणकर नागपूर, भंडारा किंवा आरमोरीकडे कोणाच्या ओळखीत आहे का? आणि इतके जुने कोष अजून उकलतील का, म्हणजे त्यातून सूत निघेल का? रेशीम संचालनालय इथेच आहे, तिथेही विचारतोच आहे. पण हात चाललेला माणूस हवा.