सव्वा वर्षाचा कुत्रा घरच्यांवरच गुरगुरतो, काय करावे?

प्रश्न (गुहागर तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे अल्सेशियन आणि गावठी अशा मिश्र जातीचा, सव्वा वर्षाचा नर कुत्रा आहे. लहानपणी तो मुलांच्या अंगाखांद्यावर खेळत असे. परंतु हा पावसाळा लागल्यापासून त्याचा स्वभाव पालटला आहे. थाळीजवळ कोणी गेले की तो खाणे थांबवतो, अंग ताठ करतो, मान न वळवता डोळ्यांच्या कडेने पाहतो आणि मग गुरगुरतो. काल माझी सहा वर्षांची मुलगी थाळीजवळ गेलेला चेंडू उचलायला वाकली, तेव्हा त्याने तिचा हात धरला आणि दात लागून थोडे रक्त आले. सासऱ्यांनी त्याला तिथेच काठीने मारले. तेव्हापासून कोणाच्या हातात नुसता केरसुणीचा दांडा दिसला तरी तो दात दाखवतो. वाडीत बिबट्या फिरत असल्यामुळे रात्री त्याला पडवीत बांधावेच लागते, पण आता दिवसाही तो साखळीलाच असतो. सासूबाई म्हणतात की त्यांच्यावर तो कधीच गुरगुरत नाही, तेव्हा चूक मुलीचीच असावी. गणपतीला मुंबईची मंडळी मुलाबाळांसह येणार आहेत. काय करावे?

उत्तर (रत्नागिरी)

ताई, मी पशुवैद्यक आहे, तरीही कुत्र्याआधी मुलीविषयी लिहितो. रक्त आले आहे, म्हणजे ही जखम किरकोळ समजता येत नाही. ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना किंवा मिरची काही लावू नये, आणि कुत्रा घरचा व लस दिलेला असला तरी आजच मुलीला सरकारी रुग्णालयात न्यावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ उरत नाही. तेथे लशीचे डोस बहुधा शून्य (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), तीन, सात आणि 28 या दिवशी देतात. रक्त आलेल्या जखमेत त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिनही (जखमेत टोचायची तयार प्रतिपिंडे) लागते, ते आवर्जून विचारावे. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा. या काळात तो आजारी पडला किंवा दगावला तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

आता कुत्रा. स्वभाव पावसाळ्यात बदलला, हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याकडच्या दमट हवेत कुत्र्यांचे कान चिघळतात, गोचीड कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत जाऊन बसतात, आणि दुखणारे जनावर एरवी सहन करील ते सहन करीत नाही. तो डोके झटकतो का, कानाला वास येतो का, हे दुरूनच पाहा. हात घालून तपासू नका. ते काम दवाखान्यात, तोंड बांधून होऊ द्या. शिवाय हे त्याचे वयात येण्याचे दिवस आहेत. नसबंदीने भटकणे आणि इतर नरांशी होणारी भांडणे कमी होऊ शकतात, परंतु भीतीपोटी चावणारा कुत्रा केवळ तेवढ्याने शांत होईल, असे मी सांगणार नाही.

उत्तर (देवगड)

आमच्या आमराईत पिढ्यान्‌पिढ्या कुत्रे आहेत. कुत्र्याला धाक हवा. जेवता जेवता त्याची थाळी उचलायची, पुन्हा ठेवायची. मालक कोण हे त्याला आपोआप समजते. त्यातूनही नाही ऐकले, तर साखळीला ठेवावे. इतके लाड करून घरात लहान मुले कशी वाढवणार?

उत्तर (मालवण)

देवगडच्या काकांचा अनुभव मोठा आहे, तरी थाळी उचलण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. ज्याला आपले अन्न जाईल अशी भीती आहे, त्याचे अन्न खरोखरच काढून घेतले तर त्याची भीती खरी ठरते. गुरगुरणे ही त्याने दिलेली आगाऊ सूचना असते. मारून ती बंद केली तर तो न गुरगुरताच चावू लागतो, आणि असा कुत्रा घरात अधिक धोकादायक असतो. सासूबाईंवर तो गुरगुरत नाही, कारण त्या येतात तेव्हा थाळीत काही पडते. तोच धडा इतर मोठ्या माणसांनी द्यावा: तो खात असताना, त्याचे अंग ताठ होणार नाही इतक्या अंतरावरून, काटे पूर्णपणे काढलेल्या उकडलेल्या माशाचा तुकडा थाळीकडे टाकायचा आणि न थांबता निघून जायचे. अंतर आठवड्यांच्या हिशेबाने कमी करावे, घाई करू नये. मुलांनी मात्र यात अजिबात भाग घेऊ नये. त्याचे जेवण बंद दाराआड व्हावे आणि थाळी उचलल्यावरच दार उघडावे.

दिवसभर साखळीला बांधणे बंदच करा. सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही, तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा ठरतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याला पळून जाता येत नाही, तो अंगावर येतो. पहाटे किनारा मोकळा असताना लांब दोरीवर त्याला पोटभर हुंगू द्यावे. बिबट्यासाठी रात्री बंद पडवी योग्यच आहे, पण दाराला जाळी लावली तर आत साखळी लागणार नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. मुलीचा पहिला डोस झाला, इम्युनोग्लोब्युलिनही दिले. कुत्र्याचा उजवा कान आतून लाल आणि ओला निघाला. औषध सुरू केले आहे. घरात आता त्याला सड्यावर (गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर) नेऊन सोडण्याची भाषा सुरू आहे. गणपतीचे काय करावे, हा प्रश्नही उरतोच.

उत्तर (मालवण)

सड्यावर सोडणे हा मार्गच नव्हे. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर टाकून देणे त्याच कायद्यात गुन्हा आहे, शिवाय तो दुसऱ्या कोणाच्या मुलाला चावू शकतो. कान बरा होऊन आणि काही महिने शिकवूनही तो मुलांवर धावत राहिला, तर लहान मुले नसलेल्या घरी, चावल्याची गोष्ट न लपवता, देता येईल.

गणपतीत त्याची कोणाशीही ओळख करून देऊ नका. टोपलीसारखी मुसकी आणा, जिच्यात त्याला धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. कापडी पट्टी आपल्या उकाड्यात घातक ठरते. आतापासूनच मुसकीत खाऊ ठेवून तिची सवय लावा. पाहुणे येण्यापूर्वीच त्याला मागच्या पडवीत न्यावे, आरती आणि फटाक्यांच्या वेळी घरातले एक माणूस तिथे असावे, आणि कडी मुलांच्या हाताला न लागेल इतकी उंच असावी. पाहुण्यांना हे सारे मुंबईहून निघण्यापूर्वीच फोनवर सांगा. आल्यावर सांगायचे ठरवले, तर तोवर मुले पडवीकडे धावलेली असतात.