मार्स्टन मूरची लढाई घालवली कोणी, रुपर्टने की चार्ल्सच्या पत्राने?

बखरवेडा:
इंग्लंडच्या यादवीतलं, पहिल्या चार्ल्स राजाने १४ जून १६४४ ला रुपर्टला लिहिलेलं पत्र काल परत वाचलं आणि मला पराभवाचं मूळ तिथंच दिसतं. रुपर्ट म्हणजे राजाचा सख्खा भाचा, वय २४, त्याचा सेनापती, आणि राजाच्या ताब्यातल्या यॉर्क शहराला त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या आणि स्कॉटिश फौजांचा वेढा. राजा लिहितो, यॉर्क गेलं तर माझा मुकुट गेल्यात जमा, तू यॉर्क सोडवून त्या फौजेला हरवलंस तरच मी इकडे कसाबसा तग धरीन. लगेच पुढे, यॉर्क आधीच पडलं किंवा सुटलं असेल, किंवा तोफा-बंदुकांची दारू कमी असेल, तर सगळी फौज घेऊन वूस्टरला ये. आता यातून पोराने काय समजायचं? १ जुलैला त्याने लांबचा वळसा मारून, नद्या ओलांडून, लढाई न करता यॉर्क सोडवलं. पण 'हरव' राहिलंच होतं ना, म्हणून दुसऱ्या दिवशी यॉर्कजवळ मार्स्टन मूरच्या माळावर १८ हजारांनिशी २८ हजारांसमोर उभा राहिला. चारेक हजार माणसं गेली, उत्तर इंग्लंड हातचं गेलं.

सह्यवारा:
अजिबात पटलं नाही. राजाने ते घाईत लिहिलं, तो स्वतः ऑक्सफर्डमधून निसटलेला आणि पार्लमेंटचा सेनापती वॉलर मागावर, हे मान्य. पण मैदानात डोळे सेनापतीचे असतात. यॉर्क लढवणारा राजाचा सरदार न्यूकॅसल सांगत होता की थांबा, शत्रूत फूट पडतेय, आपली कुमक येतेय. रुपर्टने राजाचा हुकूम पुढे केला आणि विषय संपवला. आणि संध्याकाळी आज काही होत नाही असं धरून जेवायला बसला, तेवढ्यात समोरचे तुटून पडले. ही चूक पत्राची कशी?

बखरवेडा:
जेवणाची चूक त्याचीच, त्यात वाद नाही. पण पत्र रवाना झाल्याचं कळल्यावर राजाचाच सल्लागार कल्पेपर म्हणाला की मग तुमचा घात झाला, या हुकुमावर तो काहीही झालं तरी लढणार. दरबारातल्या माणसाला जे कळलं ते लिहिणाऱ्याला कळू नये? इथे कोणी 'ध' चा 'मा' केला नाही, अक्षर न अक्षर राजाचंच. शिवाय २९ जूनला क्रॉप्रेडी ब्रिजला राजाने वॉलरला मागे रेटलं, म्हणजे लढाईच्या दिवशी पत्रातली निकड उरलीच नव्हती, कागद तेवढा जुना होता.

आज्जीचा_कंदील:
यात मला भाच्याचं वाईट वाटतं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिस्टल शत्रूच्या हवाली केलं म्हणून मामाने पत्रानेच बडतर्फ केलं, वर परदेशात कुठेतरी पोटापाण्याचं बघ म्हणून लिहिलं. तरी १४ जूनचं ते पत्र रुपर्टने मरेपर्यंत जपलं असं सांगतात.

सह्यवारा:
जपलं, कारण त्याला आधार हवा होता. ज्याला स्वतःचा निर्णय योग्य वाटतो तो दुसऱ्याचा कागद ३८ वर्षं सांभाळत नाही. माझं मत तेच.