घरी पाइप लावून ओबीएम (होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन) धुताना लाईट गेली, आता पाण्याची धार बारीक येतेय

देवबागची_होडी

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. मे संपत आला म्हणून परवा होडी वर ओढली आणि मशीन घरी आणलं. यामाहा १५ एचपी, टू स्ट्रोक, सेकंडहँड घेतलेलं. होमस्टेचे पाहुणे कर्ली नदीतून त्सुनामी आयलंडपर्यंत फिरवायचे आणि संध्याकाळी वेळ मिळाला की गरी टाकायची, एवढाच वापर. आता तीन महिने बंद ठेवायचं तर आतलं मीठ धुवून ठेवू म्हटलं. व्हिडिओत बघून ते हेडफोनसारखं रबरी चिमट्याचं येतं ना, मफ म्हणतात, ते ऑनलाइन मागवलं, मागच्या पडवीत लाकडी घोड्यावर मशीन टांगलं, खालच्या पाणी ओढायच्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी मफ बसवले आणि बागेचा पाइप जोडला. स्लॅबवरच्या टाकीच्या नळाला लावलं तर पाण्याला जोरच नाही, मफच्या कडेने नुसतं गळत होतं, म्हणून पाइप काढून डायरेक्ट विहिरीच्या पंपाला लावला आणि मग मशीन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची झकास धार बाजूच्या भोकातून पडायला लागली.

पाच मिनिटं चाललं असेल, मी आत साबण आणायला गेलो आणि लाईट गेली. मशीनच्या आवाजात पंप बंद पडलेला कुठला ऐकू येतोय! बाहेर येऊन बघतो तर धार बंद आणि करपलेल्या रबराचा वास. लगेच लाल दोरी ओढून बंद केलं पण कोरडं किती फिरलं सांगता येत नाही, मिनिट असेल, दीड असेल. लाईट आल्यावर परत लावलं तर धार येतेय पण सुतळीसारखी, आधी करंगळीएवढी होती. आणि हात लावला तर पाणी चांगलंच कढत.

इम्पेलर गेला का? की अजून काही? शिवाय आमची विहीर मेमध्ये मचूळ होते, मग त्या पाण्याने धुवून उपयोग तरी आहे का? आमचे काका म्हणतात पाण्यात कोकमाचं आगळ घाल, आतला क्षार सुटतो. हसू नका, खरंच विचारतोय.

मिरकरवाड्याचा_मेकॅनिक

गेला असं धरून चाल. इम्पेलर म्हणजे सहा पाकळ्यांचं रबरी फूल, ते मुद्दाम मध्यावर नसलेल्या वाटीत बसवलेलं असतं, त्यामुळे फिरताना पाकळ्या एकीकडे दुमडतात, दुसरीकडे उघडतात आणि तेवढ्यातच पाणी वर ढकललं जातं. म्हणजे ते सतत घासतच फिरतंय, आणि त्या घासण्याला ऑइल काय तर पाणीच. पाणी गेलं की काही सेकंदांत रबर तापतं. मिनिटभर म्हणजे खूप झालं रे.

पण खोलायच्या आधी फुकटातलं बघून घे. तंगूसाचा (गरीच्या नायलॉन दोरीचा) एक जाड तुकडा घे आणि मशीन बंद असताना धारेच्या भोकात घालून आतबाहेर कर. कधीकधी मिठाचा खडा असतो, वाळू असते, आणि घरी ठेवलेल्या मशीनला तर कुंभारमाशी मातीचं घर करते त्या भोकात, मी दोनदा काढलंय. धार नुसती बारीक असती तर मी पण म्हटलं असतं भोक तुंबलंय, पण तुझं पाणी कढत येतंय, वर रबराचा वास आलाय, त्यामुळे माझं मत इम्पेलरच.

खोलताना घाई करू नको. पंखा (प्रोपेलर) आधी काढ. गिअरचा रॉड सोडव, मगच खालचा पाय (गिअर आणि पंप असलेला भाग) ओढ, नाहीतर वाकेल. मिठाने धरलेले बोल्ट जोर लावून फिरवलेस तर मुंडी तुटून हातात येते, आदल्या रात्री गंजाचं स्प्रे मारून ठेव. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाकळ्या मोज. तुटलेली असेल तर तिचा तुकडा कुठेतरी गेलाय, बहुतेक वर जाणाऱ्या पाण्याच्या नळीत. तो न शोधता नवीन इम्पेलर टाकलास तर तुकडा पुढे जाऊन अडकणार आणि मशीन गरम होणार ते होणारच.

आगळ सोलकढीला ठेव.

ऑकलंडवाला_गिरगावकर

इकडे प्रत्येकाच्या दारात ट्रेलरवर बोट, आणि परत आल्यावर पहिलं काम हेच. माझं फोर स्ट्रोक आहे, त्याला बाजूलाच पाइप जोडायचं तोंड दिलंय, मफची भानगडच नाही. पण त्यातसुद्धा एक गंमत आहे जी मी पहिल्या वर्षी चुकवली: माझ्या मॉडेलला त्या तोंडातून पाणी सोडताना इंजिन बंद ठेवायचं. ते पाणी वरून आतल्या वाटांमधून खाली येतं, इम्पेलरपर्यंत नीट पोचतंच असं नाही, मग इंजिन चालू केलं तर वरून पाणी वाहतंय दिसतं आणि खाली पंप कोरडा. काही कंपन्यांच्या काही मॉडेलना चालू ठेवलेलं चालतं, तेव्हा मॅन्युअल बघणे. माझ्या मॅन्युअलात पंधरा मिनिटं सांगितलीत. धुऊन झालं की ते तोंड परत जागेवर घट्ट बसवायचं, ढिलं राहिलं तर पुढच्या ट्रिपला थंड करायचं पाणी तिथूनच गळून जातं.

तुझ्या जुन्या टू स्ट्रोकला ते तोंड नसणार म्हणून मफ किंवा पाण्यात बुडवणे एवढेच दोन मार्ग. मफ वापरलेस तर पाणी आधी, चावी नंतर, आणि बंद करताना उलट. न्यूट्रलमध्ये, एकदम मंद, रेस अजिबात नाही. पंखा काढून ठेव, घरात पोरं असतात. पडवी उघडी आहे ना? बंद शेडमध्ये धूर कोंडून माणूस जातो.

टाकीचं म्हणशील तर दर १० मीटर उंचीला साधारण एक बार प्रेशर मिळतं, तुझा स्लॅब ३-४ मीटर, म्हणजे पाव-अर्धा बारसुद्धा जेमतेम. इकडे नळालाच जोर असतो त्यामुळे हा प्रश्न येत नाही. आणि लाईट पण जात नाही 😀

थळचा_दादा

काय तुम्ही लोक, आमच्या वडिलांनी मशीनला कधी गोडं पाणी दाखवलं नाही, बारा वर्षं चाललं. धुवायच्या नादात बिचाऱ्याने चांगलं मशीन जाळलं. न धुता ठेवलं असतं तर आज हा धागा नसता.

मिरकरवाड्याचा_मेकॅनिक

दादा, शेवटचं वाक्य तुमचं शंभर टक्के खरं 😂 पण वडिलांचं मशीन रोज पाण्यात जात होतं ना? रोज चालणाऱ्या मशीनमधलं मीठ ओलंच राहतं, दुसऱ्या दिवशीचं पाणी ते घेऊन जातं. बंद ठेवलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, बारीक वाटांमध्ये खडा धरतो, थर्मोस्टॅट (मशीन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) तिथल्या तिथे चिकटतो, खाली ॲल्युमिनियम पांढरं पडून पापुद्रे निघतात. सप्टेंबरात माझ्याकडे जी मशीनं येतात त्यातली निम्मी चालून चालून बिघडलेली नसतात, नुसती पडून बिघडलेली असतात. हा तीन महिने ठेवणार आहे, याला धुणं भागच आहे.

निवतीची_पोर

मफ फेकून दे. आमच्याकडे बाबा कायम पिंपातच मशीन फिरवतात, दोनशे लिटरचं प्लास्टिकचं निळं पिंप, वरचं तोंड कापून टाकलेलं. घोड्यावर मशीन लावायचं, पाय पिंपात सोडायचा आणि पंख्याच्या वर ती आडवी पट्टी असते ना तिच्याही वर चार बोटं पाणी येईल इतकं भरायचं. पाइप पिंपात सोडून ठेवायचा, पाणी वरून सांडत राहिलं पाहिजे, म्हणजे खारट पाणी बाहेर जातं आणि पिंपातलं पाणी तापत पण नाही. लाईट गेली तरी पिंप भरलेलं आहे, मशीनला तहान लागत नाही. बाबांना मफ दाखवले तेव्हा एवढंच म्हणाले, "आणि लायटीचो काय भरवसो?"

दहा मिनिटं तरी चालव. मशीन तापून थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय वरच्या भागात पाणी नीट फिरत नाही, दोन मिनिटांत बंद केलंस तर वरचं मीठ वरच. गिअर टाकायचा नाही हं, एकदा माझ्या भावाने टाकला, अख्खं पिंप अंगणात आणि तो ओलाचिंब.

पाण्याचं सांगते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मचूळ विहिरीचं पाणी टीडीएस मीटरवर समजा २००० दाखवतंय, म्हणजे लिटरला २ ग्रॅम विरघळलेलं. कुठे ३५ आणि कुठे २! तेव्हा धुणं सगळं विहिरीच्या पाण्याने बिनधास्त कर आणि शेवटचं एक पिंप तेवढं टँकरचं किंवा नळाचं गोडं भर. आगळाचं म्हणशील तर मीठ साध्या पाण्यात विरघळतंच की, त्याला आंबट कशाला? आंबटाने चुन्याचा थर सुटतो हे खरं पण ते आत राहिलं तर ॲल्युमिनियमच खातं.

थळचा_दादा

पिंपाचं पटलं. मग एवढं करण्यापेक्षा पहिला पाऊस जोरात झाला की नदी गोडी होते, तिथेच अर्धा तास फिरवून यायचं.

मिरकरवाड्याचा_मेकॅनिक

गोडी होते पण लाल पण होते दादा. तो गाळ इम्पेलरला सँडपेपरसारखा. आणि त्या ओढीत होडी कोण घालणार.

देवबागची_होडी

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. धारेच्या भोकात तंगूस घातलं, थोडी वाळू आली पण धार तेवढीच. मग खोललं. दोन बोल्ट अजिबात हलेनात, रात्रभर स्प्रे मारून ठेवला तेव्हा सकाळी कुरकुरत सुटले. इम्पेलरच्या सहापैकी दोन पाकळ्या गायब, उरलेल्या चार काळ्या कडक, बिस्किटासारख्या. एक तुकडा तिथेच वाटीत पडलेला, दुसरा काही केल्या दिसेना, शेवटी पाण्याच्या नळीत वायर घातली तेव्हा बाहेर आला. दोन्ही जोडून मापं बघितली, पूर्ण आहेत. वाटी पण आतून ओरखडलेली म्हणून अख्खं किटच बदललं.

इम्पेलर शाफ्टवर धरून ठेवणारी ती नखाएवढी चावी असते ना, ती काढताना उडाली आणि पडवीखालच्या वाळूत गेली. मोठ्या हुशारीने चुंबक फिरवला, काही लागेना, मग लक्षात आलं स्टेनलेस आहे. शेवटी आईची तांदळाची चाळण गुपचूप आणून दोन घमेली वाळू चाळली तेव्हा सापडली. चाळणीचं प्रकरण अजून घरात मिटलेलं नाही.

आणि अजून एक. पंखा काढला तर मागे शाफ्टला तंगूस गुंडाळलेलं, हातभर निघालं. गिअरचं ऑइल सोडलं तर दुधाच्या चहासारखं. हे काय नवीन?

मिरकरवाड्याचा_मेकॅनिक

तेच तंगूस. शाफ्टवर घट्ट बसून ऑइल सील कापतं, तिथून पाणी आत. बरं झालं आत्ता दिसलं, तीन महिने ते पाणी गिअरवर बसलं असतं तर बेअरिंगला गंज धरला असता. सील बदल, नवीन ऑइल खालच्या भोकातून भर, वरच्या भोकातून बाहेर यायला लागलं की थांब. वरून ओतशील तर हवा अडकते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवीन टाक, दहा रुपयांसाठी कंजूषी नको. शाफ्टला मरीन ग्रीस लावून मगच पंखा चढव.

इम्पेलर बसवताना ड्राइव्ह शाफ्ट घड्याळाच्या दिशेने हळू फिरवत फिरवत वाटी खाली दाब, म्हणजे पाकळ्या बरोबर बाजूला दुमडतात. पाय परत चढवताना पाण्याची नळी पंपाच्या तोंडात नीट गेली का ते टॉर्च लावून बघ, ती बाहेर राहिली तर परत बारीक धार आणि परत मला शिव्या.

देवबागची_होडी

झालं सगळं. पिंप आणलं, कापलं, काल संध्याकाळी फिरवलं, धार अशी जोरात की समोरची भिंत भिजली. विहिरीच्या पाण्याने पंधरा मिनिटं, मग एक पिंप नळाचं. मधेच लाईट गेली, मी पिंपाशेजारी स्टुलावर बसून, हातात लाल दोरी, ढिम्म हललो नाही 😎

आता पेट्रोलचं काय करू? टाकीत चारेक लिटर आहे, तसंच ठेवलं तर चालेल?

मिरकरवाड्याचा_मेकॅनिक

नको. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यात तुझ्या टाकीत टू स्ट्रोक ऑइल मिसळलेलं, बाइकला पण घालता येणार नाही. ओळखीत कोणाचं टू स्ट्रोक ग्रासकटर असेल तर देऊन टाक, पण ऑइलचं प्रमाण सांगून दे. मशीन पुन्हा एकदा पिंपात सोडून चालू कर आणि पेट्रोलची नळी काढ, कार्बोरेटरमधलं संपून आपोआप बंद पडेल. मग प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर टू स्ट्रोक ऑइल सोड, दोरी तीन-चार वेळा हळू ओढ, प्लग परत लाव. कव्हरच्या आत पाइपने पाणी मारू नको, ओल्या फडक्याने पुसून घे आणि वरून डब्ल्यूडी-४० चा हलका हात. झिंकचा ठोकळा (मशीनऐवजी स्वतः गंजणारा) निम्मा खाल्ला असेल तर बदल, आणि त्यावर रंग मारू नको, काही लोक मारतात. ठेवताना उभंच ठेव, आतलं उरलेलं पाणी खाली गळून जातं.

निवतीची_पोर

आणि पिंप उलटं करून ठेव, डास होतील.

देवबागची_होडी

पिंप आईने केव्हाच ताब्यात घेतलंय, पागोळीखाली लावलं. चाळणीच्या बदल्यात म्हणे. पुढच्या मेला दुसरं घ्यावं लागणार.