आयकॉन बदलणारे सगळे रिकामटेकडे आहेत का?

गोदाकाठ
"ज्याला काम असते तो टर्मिनल उघडतो, ज्याला नसते तो आयकॉन बदलत बसतो," असे काल या लिनक्स मंचावर एका सदस्याने लिहिले (टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि त्याखाली वाहवाही झाली. वाक्य झोंबले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची झाली आहे, आणि त्यांच्या जुन्या, ४ जीबीच्या लॅपटॉपवर मी एक्सएफसीई हा हलका लिनक्स डेस्कटॉप बसवून दिला आहे. ब्राउझर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही, पेन्शनचे पासबुक मात्र ठाऊक आहे. म्हणून मी ब्राउझर सुरू करणाऱ्या 'डॉट डेस्कटॉप' फाइलची प्रत त्यांच्या डेस्कटॉपवर ठेवली, आयकॉनच्या ओळीत त्यांच्याच पासबुकाच्या निळ्या मुखपृष्ठाच्या फोटोचा पत्ता घातला, नावाच्या ओळीत 'पेन्शन' लिहिले आणि आयकॉनचा आकार ९६ केला. तेव्हापासून कार्यालयात दुपारी येणारे त्यांचे फोन थांबले. याला रिकामटेकडेपणा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

सातपूर_दुसरी_पाळी
ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही. वडिलांना पुढे केले की समोरच्याने गप्प बसायचे, ही युक्ती जुनी आहे. माझा रोख दर आठवड्याला नवी थीम चढवणाऱ्यांवर होता. थीमसोबत येणारे विजेट, म्हणजे डेस्कटॉपवरचे घड्याळ वगैरे, हे चित्र नव्हे, तो चालणारा प्रोग्राम आहे. मार्च २०२४ मध्ये प्लाझ्मा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईच्या स्टोअरवरून घेतलेल्या एका ग्लोबल थीमने (सगळे रूप एकदम बदलणाऱ्या संचाने) एका वापरकर्त्याच्या फायली पुसून टाकल्या. त्याआधी, २०२३ मध्ये, ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या ४५ व्या आवृत्तीने एक्स्टेंशन (जोड-प्रोग्राम) लिहिण्याची पद्धतच बदलली आणि जुनी एक्स्टेंशने बंद पडली. आमच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग बघण्याच्या संगणकावर एका हौशी मुलाने असेच काहीबाही लावून ठेवले होते. अपडेटनंतर पॅनेलच गायब झाले. मशीनवाले चहाचे कप हातात घेऊन मागे उभे आणि मी रात्री साडेअकराला त्याच्या सेटिंगच्या फायली एकेक करून हटवत बसलो होतो.

पंचवटीकर
आपण दोन गोष्टींची खिचडी करत आहात. आयकॉनचा संच म्हणजे चित्रांची फोल्डरे आणि 'इंडेक्स डॉट थीम' नावाची एक यादी. त्यात एखादे चित्र नसेल तर शोध शेवटी 'हायकलर' संचापर्यंत जातो, एवढाच काय तो खेळ. ग्लोबल थीमचे पाप पापिरससारख्या आयकॉन-संचाच्या माथी मारू नये. विजेटबद्दल मात्र माझेही भांडण आहे, पण ते वेगळे. मी कॉन्की नावाच्या विजेटवर मराठी वार लावला, तर 'शनिवार'मधली वेलांटी 'न'ला सोडून 'व'ला जाऊन चिकटली. दर शनिवारी ते पाहून डोके उठते.

द्राक्षमळा
त्यात नवल काही नाही. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते आणि ती डावीकडे आणण्याचे काम हार्फबझ ही अक्षरे जुळवणारी लायब्ररी करते. क्यूटी आणि पँगो ही मजकूर दाखवणारी साधने दोन्ही तिचा आधार घेतात, त्यामुळे प्लाझ्माच्या घड्याळात वार नीट दिसतो. कॉन्की एक्सएफटी या अक्षरे रेखाटणाऱ्या लायब्ररीने चिन्हे आली तशी मांडून मोकळी होते. माझा खरा राग अर्ध्या मराठी मेनूवर आहे, जिथे वरची ओळ मराठी आणि खालची इंग्रजी असते. माझ्या आईने एकदा विचारले होते, "हे कोणी मध्येच उठून गेले का?" पंचवटीकर, तक्रारी पुष्कळ झाल्या. आपण आजवर अनुवादाची एक तरी ओळ दिली आहे काय?

पंचवटीकर
दिली आहे, आणि म्हणूनच सोडून दिली. मी ४० ओळी पाठवल्या. त्यावर 'फाइल' लिहावे की 'संचिका', यावर तीन आठवडे वाद चालला आणि शेवटी ४० पैकी एकही ओळ स्वीकारली गेली नाही. मळ्यात बसून दुसऱ्याला असले प्रश्न विचारणे सोपे असते.

द्राक्षमळा
मळ्यात बसून मी अनुवादाच्या ६०० ओळी केल्या आहेत, त्याही छाटणीच्या हंगामात, रात्री वीज आल्यावर. 'संचिका' मीही लिहीत नाही, पण एका शब्दावरून रुसून घरी बसलोही नाही.

सातपूर_दुसरी_पाळी
धागा आयकॉनचा होता, तो वेलांटीवर गेला आणि आता कोणी किती ओळी केल्या याची हजेरी चालू आहे. असो. गोदाकाठ यांचा आयकॉन हे काम आहे, सजावट नव्हे, इतके मान्य करतो, त्याचा सत्कार वगैरे नको. थीमवाल्यांबद्दल माझे मत तेच आहे. माझ्या आईच्या संगणकावर हीच कृती केली, तर चित्र बदलले पण नाव जुनेच दिसते. तिथे मेनू मराठीत आहे, हा माझा गुन्हा असावा.

गोदाकाठ
गुन्हा नाही, पण कारण बहुधा तेच आहे. त्या फाइलमध्ये नावाची एक साधी ओळ असते आणि पुष्कळदा खाली प्रत्येक भाषेची वेगळी. डेस्कटॉप मराठीत असेल आणि कंसात 'एमआर' (मराठीचा संकेत) लिहिलेली ओळ फाइलमध्ये असेल, तर तीच वाचली जाते, साधी नव्हे. ती बदला. आणि फाइलला चालवण्याची परवानगी दिली नसेल तर तीही द्या, नाहीतर एक्सएफसीई ही फाइल विश्वासाची नाही असे सांगेल आणि आई आपल्याला पाळीवर फोन करतील.